शंभर दाणे आणि एक खाते

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातील, कालव्याच्या पाण्यावर पोसलेले गाव. अल्प साधनांत परीक्षा कशी करावी हे तेथील शेतकऱ्यास शिकविण्याचे कारण नाही. घरचे सोयाबीन पेरावयाचे असले म्हणजे शंभर दाणे निवड न करता मोजून घ्यावे, ओल्या गोणपाटावर मांडून गुंडाळी करावी, पाणी शिंपडीत राहावे आणि आठवड्याच्या आत उघडून कोंब मोजावे. सत्तर निघाले तर पेरणीस हरकत नाही. थोडे कमी पडले तर एकरी बियाणे वाढवावे. खर्च काय तो गोणपाटाच्या तुकड्याचा!

संगणकाचे सॉफ्टवेअर रचणाऱ्या लहान मंडळींपुढेही हाच प्रश्न असतो. माणसे दोन-चार, पैसा बेताचा, मुदत उशाशी. सर्व काही तपासणे कोणासच साधत नाही. चाचणीने दोष असल्याचे दाखविता येते, नसल्याचे नव्हे, हे एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने अर्धशतकापूर्वीच सांगून ठेविले आहे. तेव्हा काहीतरी वगळणे प्राप्तच. मग येथेही शंभर नमुने घ्यावे आणि पंच्याण्णव बरोबर उतरले की समाधान मानावे, असा मोह होतो. आमच्या मते नैतिक घोटाळा आहे तो येथेच. न उगवलेल्या दाण्याची भरपाई शेजारचा दाणा करितो. चुकलेल्या खात्याची भरपाई शेजारचे खाते करीत नाही. पिकाच्या बाबतीत सरासरी हे सत्य असते. माणसाच्या बाबतीत ती पुष्कळदा सबब होते.

उदाहरण दूरचे नको. 1 जून 2017 रोजी याच जिल्ह्यातील पुणतांबे येथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि त्याच महिन्यात सरकारने कर्जमाफी जाहीर केली. 30 जून 2016 रोजी थकलेले दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ व्हावयाचे होते. घटक व्यक्ती नसून कुटुंब होते. अर्ज संगणकावरच भरावयाचे होते. 18 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली. पुढे बँकांकडे गेलेल्या याद्यांत एकाच आधार-क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावे आढळली आणि दुरुस्तीसाठी काम अडले.

घाई होती, हे मान्य. परंतु एक क्रमांक दोनदा आला आहे काय, एवढे विचारण्यास संगणकास कितीसा वेळ लागतो? थकबाकी नेमकी दीड लाख असेल तर काय, एक रुपया अधिक असेल तर काय? कर्जदार वारला असून वारस अर्ज करीत असेल तर? सातबाऱ्यावरील नाव आणि आधारावरील नाव एका अक्षराने भिन्न असेल तर? काम करून करून ज्याच्या बोटाचे ठसे यंत्रास उमटेनासे झाले, त्याचे काय? एखाद्या गावच्या विकास सोसायटीच्या सचिवास विचारावे. अशी दहा अवघड खाती तो वही न उघडता सांगेल. ती दहा आधी चालवून पाहणे हे एका दुपारचे काम आहे.

यावर कोणी म्हणेल की बहुतेकांचा जो सरळ मार्ग, तोच प्रथम तपासला पाहिजे. खरे आहे, दारच उघडले नाही तर कोणीच आत जाणार नाही. तो मार्ग एकवार चालून पाहावाच. पण त्या मार्गावरील दोष पहिल्याच दिवशी हजार तोंडांनी ओरडतो. वारसाचा दोष ओरडत नाही. त्याचा अर्ज नुसता ‘अपात्र’ ठरतो, आणि तोही आपलेच काही चुकले असेल असे समजून घरी जातो. म्हणून तुटपुंजी शक्ती खर्चावयाची ती अशा मुक्या जागी.

आणि जे तपासता आले नाही, त्याची टिपण लिहून ठेवावी. लिहिणे फुकट आहे, तरी आमच्या कचेऱ्यांत तेच सर्वांत दुर्मिळ! ती टिपण खिडकीवरच्या कारकुनाजवळ असावी, आणि यंत्राचा निकाल थांबवून कागद पाहण्याचा अधिकारही त्यास असावा. नाहीतर वारसाने विचारावयाचे कोणाला?