कस लावण्यापूर्वी

फाउंटन पेनाची निब बिघडली की माणसाचा स्वभाव उघडा पडतो. शाई उतरत नाही असे दिसताच कुणी पेन झटकतो आणि शेजाऱ्याच्या सदऱ्यावर निळी नक्षी काढून ठेवतो. कुणी निब काढून दाताने सरळ करू पाहतो. बहुतेकांना मात्र एकच उपाय ठाऊक असतो, तो म्हणजे जोर. पेन उमटत नाही ना? मग अधिक दाबून लिहायचे! वापरून जितक्या निबा बिघडतात, त्याहून अधिक या दाबण्याने बिघडतात, असे माझे जन्मभराच्या मास्तरकीनंतरचे मत आहे.

लहानपणी आम्ही बोरूने पुस्ती गिरवीत असू. बोरू झिजला की चाकूने नवे टोक काढायचे. त्याचे दुखणे डोळ्यांना दिसे आणि औषधही हाताशी असे. फाउंटन पेनाचे दुखणे पोटातले. अमेरिकेतल्या लुई वॉटरमनने १८८४ साली आपल्या पेनाचे पेटंट घेतले. त्याच्या निबेखालच्या जिभेची सारी खुबी एवढीच होती की, शाई जितकी बाहेर येईल तितकी हवा आत जावी. हवेची वाट बुजली, तर पोटभर शाई असूनही पेन मुके होते. हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र मला एका वेगळ्याच प्रसंगाने कळला.

पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटा मुलगा सातवीत होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सहज त्याची निबंधाची वही उघडली आणि माझा पारा चढला. ओळीओळींत अक्षरे गळालेली, कागद ओरखडलेला, दोन ठिकाणी तर फाटलेला! मास्तराच्या पोराची ही वही! तो हळूच म्हणाला, "बाबा, पेन खरवडतंय."

"नाचता येईना अंगण वाकडे!" मी गरजलो. एक चपराक दिली आणि तोच निबंध दहा वेळा लिहून काढायला बसवले. तो काही बोलला नाही. खाली मान घालून, दाबून दाबून लिहीत राहिला.

दसऱ्याला आमच्या विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत असते. तिच्यासाठी दूरदूरची माणसे गावी येतात. आमच्या खानापूर तालुक्यातल्या पुष्कळ घरांतली माणसे गलाईच्या धंद्यात आहेत. देशभरच्या सराफपेठांत सोने-चांदी गाळून शुद्ध करून देणे हे त्यांचे काम. माझे थोरले चुलतभाऊ तात्या असेच कोइमतूरहून आले होते. पालखी पाहून घरी आले, तो पोरगा अजून लिहीतच होता. त्यांनी वही पाहिली, पोराचा चेहरा पाहिला आणि काही न बोलता त्याच्या हातातून पेन घेतले. खिशातले भिंग डोळ्याला लावून क्षणभर निब न्याहाळली.

निबेच्या मधल्या चिरेमुळे तिची दोन पाने होतात. ती टोकाशी अगदी सारखी टेकली पाहिजेत. या निबेचे एक पान केसभर वर चढले होते आणि खालचे पान कागद कापीत होते. तात्यांनी अंगठ्याच्या नखाने वरचे पान हलकेच दाबले, पुन्हा भिंगातून पाहिले, पुन्हा दाबले. मग निब कोमट पाण्यात धुतली, शाई भरली आणि वहीच्या कोपऱ्यात 'श्री रेवणसिद्ध प्रसन्न' असे लिहिले. ओळ पाण्यासारखी वाहिली.

"मास्तर," ते म्हणाले, "कस लावल्याबिगर आम्ही सोन्याला खोटं म्हणत न्हाई. तुमच्यात तशी रीत न्हाई व्हय?"

मी गप्प राहिलो. कारण ते पेन माझेच होते. टेबलावरून निबेवर पडले, तेव्हा मी स्वतःसाठी नवे घेतले आणि जुने मोठ्या उदारपणे पोराला दिले होते.

पुढे मीही भिंग घेतले आणि शाळेतल्या पोरांची पेने दुरुस्त करू लागलो. त्या कामाचा एक क्रम असतो. आधी कागद पाहायचा, घामट हात लागून तो तेलकट झालेला असतो. मग शाई पाहायची. वाळली असेल तर निब रात्रभर पाण्यात ठेवायची. चिरेत कागदाचा तंतू अडकला आहे का, दोन्ही पाने सारखी आहेत का, हे त्यानंतर. धातूला हात सर्वांत शेवटी, आणि तोही नखाएवढ्या जोराचा. एखादी निब दिसायला आरशासारखी गुळगुळीत असूनही अक्षर सोडते. कारण अति घासल्याने टोकाच्या आतल्या कडा गोल झालेल्या असतात आणि शाई कागदापर्यंत पोचत नाही. अशी अति घासलेली मुलेही मी पाहिली आहेत.

निबेच्या बाबतीत जो धीर आपण धरतो, तो माणसाच्या बाबतीत का धरीत नाही? तिथे क्रम नेमका उलटा असतो. जोर आधी, भिंग नंतर.

यावर कुणी म्हणेल, असे शोधत बसलो तर प्रत्येक आळशी पोराला पेनाची सबब मिळेल. मिळेल थोडी. पण कस लावणे म्हणजे सोने खरेच आहे असे मानणे नव्हे. कसोटीचा दगड खोट्याला खोटेच ठरवतो. आळशी हातही मी पुष्कळ पाहिले आणि त्यांना रागावलोही. प्रश्न दया करण्याचा नाही, निवाडा केव्हा करायचा याचा आहे. "पेन खरवडतंय" एवढे दोनच शब्द त्या पोराने उच्चारले होते. तेवढी हवा मी आत जाऊ दिली असती, तर उरलेले आपोआप बाहेर आले असते.

निब दोन मिनिटांत सुधारली. त्या दिवसापासून मुलगा मात्र माझ्यापाशी आपली अडचण सांगेनासा झाला. हे माझ्या ध्यानात यायला पुष्कळ वर्षे लागली. त्या काळी बापाने मुलाची क्षमा मागण्याची चाल नव्हती. मी मागितली नाही.

ते पेन अजून माझ्यापाशी आहे. हा मजकूर त्यानेच लिहिला आहे. दिवाळीला मुलगा विट्याला येईल, फराळ झाल्यावर नेहमीप्रमाणे अंक चाळायला घेईल. या पानावर तो थांबेल, तेव्हा मी उठून जाणार नाही. समोरच बसेन, आणि तो काय म्हणतो ते मध्ये न बोलता ऐकेन.