आधी कीर्द, मग खतावणी

मानवत ही कापसाची बाजारपेठ. हंगामात लिलाव होतो, वजन होतं आणि शेवटी सगळं येऊन ठेपतं संगणकातल्या नोंदीवर. समजा, २५ क्विंटल कापूस ७,००० रुपये भावाने गेला. १,७५,००० रुपये शेतकऱ्याच्या खात्यात जमा पडले आणि व्यापाऱ्याच्या नावे पडायच्या आत वीज गेली. आता हा व्यवहार झाला म्हणायचा की नाही?

याचं उत्तर डेटाबेस ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये शोधतो, खात्यांच्या तक्त्यात नाही. आडत दुकानातल्या कीर्द-खतावणीचंच हे नातं आहे. कीर्दीत व्यवहार घडेल तसा क्रमाने लिहायचा, खतावणीत सवडीने खातेवार मांडायचा. खतावणी भिजली तर कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. डेटाबेसचा नियम याहून कडक: बदलाची नोंद लॉगमध्ये, डिस्कवर पक्की उतरल्याशिवाय तक्त्याचं बदललेलं पान डिस्कवर जात नाही, आणि 'व्यवहार पूर्ण' असा निरोपही मिळत नाही. पान मात्र बराच वेळ मेमरीतच राहिलं तरी चालतं. लॉगच्या शेवटी ओळ जोडणं स्वस्त असतं. डिस्कभर विखुरलेली पानं लगेच लिहीत बसणं महाग पडतं.

वीज आल्यावर काय करायचं, याची सर्वांत प्रसिद्ध रीत आयबीएममधल्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडली. तिचं नाव एरीज. पहिल्या फेरीत शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे डेटाबेसने मधूनमधून करून ठेवलेल्या खुणेपासून, लॉग वाचून अर्धवट व्यवहार कोणते ते ठरतं. दुसरीत जे जे घडलं ते सगळं, अर्धवटसुद्धा, पुन्हा घडवलं जातं. तिसरीत अर्धवट तेवढं उलटवलं जातं. आपली एकाकी जमा इथे पुसली जाते. मला यातलं खरं शहाणपण पुढेच दिसतं: उलटवण्याचीही नोंद लॉगमध्ये होते. सावरता सावरता वीज पुन्हा गेली, तरी उलटवलेलं दुसऱ्यांदा उलटत नाही. आपल्याकडची वीज ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि हीच फाइल लोक कचरा समजून पुसतात! डिस्क भरली की लॉगवर पहिला हात पडतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये लॉगच्या फोल्डरचं नाव 'पीजी_एक्सलॉग' होतं. साधा लॉग समजून तो उडवण्याचे प्रकार इतके घडले, की २०१७च्या दहाव्या आवृत्तीत त्याचं 'पीजी_वॉल' असं नामांतर करावं लागलं. लॉग फुगला असेल तर तो कशामुळे अडला आहे ते आधी पाहावं: कुणीतरी उघडा ठेवलेला लांबलचक व्यवहार, बंद पडलेली दुय्यम प्रत, किंवा न घेतलेला लॉगचा बॅकअप. एसक्यूएल सर्व्हरच्या 'फुल रिकव्हरी' पद्धतीत रोजचा पूर्ण बॅकअप नेमाने घेऊनही लॉग वाढतच राहतो, कारण लॉगचा वेगळा बॅकअप झाल्यावरच आतली जागा पुन्हा वापरायला मोकळी होते.