औषध आहे, मग नको कसे म्हणायचे?



कॅन्सर उलटला की घरात पहिला प्रश्न औषधाचा निघतो, दुसरा पैशांचा. तिसरा कुणी मोठ्याने विचारत नाही: औषध नको म्हटले तर ते पाप होईल का?

झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमाचेच पाहू. त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार पहिल्याच उपचारांनी सुमारे ६० टक्के रुग्णांत बरा होतो. त्या टप्प्यावर उपचार सोडून झाडपाल्याच्या मागे लागणे आम्हाला मुळीच पटत नाही. पण उरलेल्यांचे काय? त्यांच्यासाठी पोलाटुझुमॅब व्हेडोटिन नावाचे औषध आहे. रोगट पेशीवरची एक खूण ओळखून ते तिला चिकटते आणि सोबत आणलेले विष पेशीच्या आत सोडते. अमेरिकेत त्याला २०१९ साली मान्यता मिळाली. मूळपेशींचे प्रत्यारोपण न झेपणाऱ्या ८० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. जुन्या दोन औषधांवर असलेल्यांपैकी निम्मे ४.७ महिन्यांत गेले. हे औषध जोडलेल्यांत तोच काळ १२.४ महिने होता. ४० टक्क्यांच्या अंगात तर रोगाचा मागमूस उरला नाही. हातापायांना मुंग्या येणे, रक्तपेशी घटणे, जंतुसंसर्ग हेही सोबत आलेच.

सात-आठ महिने म्हणजे किती? नातीचे पहिले कम्युनियन पाहता येईल, अबोला धरलेल्या भावाशी बोलता येईल. पण त्यासाठी वाडी विकावी लागली तर?

ख्रिस्तसभेने याचा विचार फार पूर्वी केला आहे. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांना सांगितले की जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे बंधनकारक आहे, पेलवणार नाहीत असे नव्हेत. सुखमरणाविषयीच्या १९८० सालच्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यात नवे, प्रयोगावस्थेतले उपचार घेण्यालाही मुभा आहे आणि नाकारण्यालाही. कुटुंबावर अतोनात खर्च पडू नये म्हणून नकार देणे ही आत्महत्या नव्हे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. मात्र नेहमीची शुश्रूषा थांबवायची नाही.

आम्हीही चुकलो आहोत. आजाऱ्याच्या घरी जाऊन ‘काहीही करा, पण प्रयत्न सोडू नका’ असे सांगितले, चहा घेतला आणि परतलो. वाडी आमची नव्हती. ज्याला सुया टोचून घ्यायच्या होत्या तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

याची दुसरी बाजूही आहे. एखादी आई ‘मला नको ते औषध’ म्हणते. ते थकलेल्या शरीराचे बोलणे, की मुलाच्या चेहऱ्यावरची काळजी वाचून केलेले? शरीर थकले असेल तर तिचे ऐकावे. पैशांमुळे असेल, तर तिने मदत मागायला येण्याआधी आपण तिच्या दारी जायला नको का?

डॉक्टरांना विचारावे: हे बरे होण्यासाठी आहे की वेळ मिळवण्यासाठी? त्यातले दिवस घरी किती, रुग्णालयात किती? आणि हे विचारताना आजारी माणूस त्याच खोलीत बसलेला असावा.