साडेतीन ताऱ्यांचा हिशोब

चि. बाळास,


तुझा मेसेज वाचला. कॉलेजच्या अंकात चित्रपटांवर लिहायला लागलास, छान झालं. ‘आत्या, इतक्यातले चांगले कुठले आणि कुणाला किती तारे देशील?’ असं विचारलंस. मेसेजमध्ये मावणारं उत्तर नाही, म्हणून कागद घेऊन बसले. तारे मात्र मागू नकोस. नोकरीची सगळी वर्षं मी बँकेत कॅशच्या खिडकीत काढली, पण अर्धा तारा म्हणजे नेमके किती पैसे ते मला अजून कळलेलं नाही.

एक आधीच सांगते, मी काही जाणकार नाही. महिन्यातून एखादा चित्रपट थिएटरात बघते आणि दोन-तीन घरी, तेही मेथी निवडत. आवडीही साध्याच. खून कुणी केला ते शोधायचं, हाणामारी बघायची, नाहीतर पोटभर हसायचं. तुझे मित्र याला टाइमपास म्हणतात. असेल. पण तो टाइम माझा असतो, आणि या वयात तो मी कुणालाही उधार देत नाही.

आधी रहस्यपट. बँकेत संध्याकाळी कॅश जुळली नाही तर घरी जाता यायचं नाही. मी नवीन असताना एकदा पंचेचाळीस रुपयांचा फरक आला. रडकुंडीला आले होते. शेजारच्या खिडकीतले जुने हेडकॅशियर म्हणाले, ‘फरक नवाने भागला जातोय ना? मग आकडा उलटा पडलाय कुठेतरी.’ खरंच, एका व्हाउचरचे २७ रुपये मी ७२ लिहिले होते. ते व्हाउचर तोवर तीनदा माझ्या हातून गेलं होतं. रहस्यपटाने मला असंच चकवावं. व्हाउचर माझ्याच हातात असावं आणि तरी मला दिसू नये.

‘दृश्यम’ मला याचसाठी आवडतो. मूळ मल्याळम, जीतू जोसेफचा, २०१३चा. मी पाहिला तो २०१५चा हिंदी. तो आपल्या ‘डोंबिवली फास्ट’वाल्या निशिकांत कामतने केला आणि गोव्यात आणून बसवला. चौथीपुढे न शिकलेला विजय साळगावकर केबलचा धंदा करतो आणि रात्ररात्र चित्रपट बघतो. पोलिसांसमोर तो जे कागद ठेवतो त्यात खोटं काहीच नाही. बसची तिकिटं खरी, हॉटेलचं बिल खरं, पणजीला गेलेलं कुटुंब खरं. सरकवलेली असते ती फक्त तारीख, म्हणजे आमचा उलटा पडलेला आकडाच. त्यासाठी तो साक्षीदारांना विकत घेत नाही. त्यांच्याशी पुन्हा गप्पा मारायला जातो आणि बोलता बोलता २ ऑक्टोबर त्यांच्या डोक्यात पेरून येतो. हे सगळं तो आपल्या डोळ्यांदेखत करतो, तरी आपण गुंततोच.

श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (२०१८) पुण्यात घडतो. आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवादक एका फ्लॅटवर जातो आणि समोर प्रेत पडलेलं बघतो. दिसल्याचं दाखवलं तर जीव जाईल, म्हणून तो वाजवत राहतो. त्याच्या पाठीमागे तब्बू आणि तिचा साथीदार मुकाट्याने आवराआवर करत असतात. संवाद नाही, किंचाळी नाही, नुसता पियानो. मी मेथीची जुडी खाली ठेवली ती तिथे. आणि सुरुवातीला कोबीच्या शेतात पळणारा तो ससा? बघताना वाटलं, हा कशाला? शेवटी त्याचाही हिशोब लागतो.

आता घरी बघायला मिळणाऱ्या कितीतरी रहस्यकथांत उलटा प्रकार चालतो. दोन तास एक खातं दाखवतात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत भलतंच खातं उघडून शिल्लक जुळवतात. कधी न पाहिलेला जुळा भाऊ नाहीतर सतरा वर्षांपूर्वीचा अपघात बाहेर काढतात. मग म्हणतात, कसं चकवलं! अरे, चकवलं कुठे, लपवलंस.

हाणामारीचं माझं मत ऐकून तू हसशील. ‘किल’ (२०२४) मी अर्धा बोटांच्या फटीतून पाहिला. निखिल नागेश भटचा हा चित्रपट जवळजवळ सगळा दिल्लीला निघालेल्या एका गाडीत घडतो. डब्यातली वाट किती अरुंद असते ते तुला-मला ठाऊक आहे. समोरून चहावाला आला तर आपण अंग चोरून उभे राहतो. त्या वाटेत हात मागे खेचून ठोसा मारायला जागाच नाही. म्हणून तिथली मारामारी खुपसण्याची, दाबण्याची, दारात चिरडण्याची आहे, आणि प्रत्येक घाव बघणाऱ्याच्या अंगाला लागतो. आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. त्यातले दरोडेखोर एकमेकांचे नातलग आहेत. नायक एकाला मारतो तेव्हा दुसरा त्याच्या प्रेताजवळ बसून रडतो, कारण मेलेला त्याचा काका असतो, नाहीतर भाऊ. आपल्याकडे खलनायकाची माणसं मेली की मोजायचीसुद्धा नसतात. इथे त्यांना रडणारं कुणीतरी आहे, म्हणून नायकाचा संतापही हळूहळू भीतिदायक वाटायला लागतो. रक्त फार आहे. तुझ्या आईला दाखवू नकोस.

‘अ‍ॅनिमल’बद्दल (२०२३) तुझं-माझं पटणार नाही. ३ तास २१ मिनिटांच्या त्या चित्रपटात माझा वेळ कारणी लागला तो उपेंद्र लिमयेच्या फ्रेडीमुळे. येतो काय, भलीमोठी बंदूक दाखवतो काय, अख्खं थिएटर खिशात घालून जातो काय! पण नायक समोरच्या मुलीला बूट चाटायला सांगतो, आणि आपण त्याच्या दुःखाने कळवळावं अशी चित्रपटाची अपेक्षा असते. मी नाही कळवळले. तू म्हणशील, पात्र तसंच आहे. वाईट माणूस पडद्यावर असू दे ना, मला अडचण नाही. पण कॅमेराही त्याचाच भक्त होऊन बसला की मी मनाने उठून जाते. शरीराने बसून राहिले, तिकिटाचे पैसे दिले होते.

राहिला विनोद, आणि तोच सगळ्यांत अवघड. कुणाल खेमूचा पहिलाच दिग्दर्शनाचा प्रयत्न ‘मडगाव एक्सप्रेस’ (२०२४) पाहताना काकांना ठसका लागला. गोष्ट एका क्षुल्लक थापेतून निघते. डोडो नावाचा एक रिकामटेकडा परदेशातल्या मित्रांना खोटे फोटो दाखवून आपण बडे असल्याचं भासवत असतो. मित्र येतात, श्रीमंती उघडी पडायची वेळ येते, आणि तिघं रेल्वेने गोव्याला निघतात. पुढे बॅग बदलते, गुंड मागे लागतात, ते सगळं ओघाने आलंच. पण मुळाशी ती थाप आहे, आणि तशी थाप आपण सगळ्यांनीच कधीतरी मारलेली असते.

त्यातली कंचन कोंबडी आठवते ना? ती छाया कदम. त्याच वर्षी मार्चमध्ये, ‘मडगाव एक्सप्रेस’च्या तीन आठवडे आधी, ‘लापता लेडीज’ लागला होता आणि त्यात स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारी मंजू माईही तीच होती. एकीकडे गुंडबायकांची म्होरकी, दुसरीकडे जगाला पुरती ओळखून असलेली एकटी बाई. दोन्हीकडे आपण हसतो, पण ही बाई एकदाही हसवायला जात नाही. कंचनला आपला धंदा महत्त्वाचा, मंजू माईला आपला ठेला. अभिनेता स्वतःच गालात हसायला लागला की माझं हसू आटतं. परेश मोकाशीच्या ‘नाच गं घुमा’तही (२०२४) मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव कामवाल्या बाईच्या प्रश्नावर जिवाच्या आकांताने झगडतात. विनोद आपण करतोय याचा त्यांना पत्ताच नसतो. माझ्याकडे सकाळी बाई आली नाही की मीही तशीच दिसत असणार.

त्याच मोकाशीचा ‘वाळवी’ (२०२३) तू पाहिला नसशील तर आधी तो बघ. बायकोचा खून आत्महत्या वाटावा म्हणून नवरा आणि त्याची प्रेयसी मिनिटामिनिटाचा बेत आखतात, आणि तो बेत पहिल्या फटक्यातच वाकडा जातो. स्वप्नील जोशीचा चॉकलेटी चेहरा इथे घामाने डबडबलेला आहे. सुबोध भावे, अनिता दाते, शिवानी सुर्वे, सगळेच प्रसंगाला जिवावर बेतल्यासारखे सामोरे जातात. आपण हसतो आणि हसलो म्हणून दचकतो. राष्ट्रीय पुरस्कारांत २०२२चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून तो निवडला गेला. पण मी सांगते म्हणून बघ, पुरस्कारासाठी नको. नावातली वाळवी शेवटपर्यंत दिसत नाही म्हणून तिला विसरू मात्र नकोस.

तर बाळा, लेख लिहिशील तेव्हा तारे दे हवे तर. संपादकांना लागत असतील. पण त्यांच्या खाली एक ओळ माझ्यासाठी लिही: हातातलं काम तू कुठल्या प्रसंगाला खाली ठेवलंस, आणि कुठे मोबाइल उचललास. तेवढ्यावरून मी ठरवीन तिकीट काढायचं की नाही.

दिवाळीत येशील तेव्हा ‘वाळवी’ पुन्हा लावू. तोवर घरी फोन केलास तर त्याच्या शेवटाबद्दल चकार शब्द काढू नकोस. काका त्या दिवशी मध्येच झोपले होते, आणि त्यांनी तो अजून पाहिलेला नाही.

तुझी,
आत्या