शिकवण्याची पात्रता

पुणतांब्याला गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे. योगबळावर चौदाशे वर्षे जगलेले चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे. नमस्कार लिहावा, तर पोर. शेवटी कोराच कागद गेला. त्याचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांच्या पासष्ट ओव्या आल्या आणि पुढे चांगदेवांना गुरू लाभली ती मुक्ताई, भावंडांतली सर्वांत धाकटी. अहंकार गळून पडण्याची कथा म्हणून आपण ती सांगतो. मला तिच्यात एक व्यवहारातला प्रश्नही दिसतो. सिद्धी मिळवलेला माणूस केवळ त्या सिद्धीमुळे दुसऱ्याला शिकवायला पात्र ठरतो का?

खेळाच्या मैदानावर आपण याचे उत्तर ‘हो’ असे गृहीत धरून चालतो. नावाजलेला खेळाडू निवृत्त झाला की त्याला मार्गदर्शक नेमायचे, हा जणू रिवाजच झाला आहे. हा रिवाज किती फसवा आहे, हे आइस हॉकीने फार स्पष्ट दाखवले आहे. आपल्याकडे हा खेळ लडाखच्या गोठलेल्या तळ्यांच्या पलीकडे फारसा पोचलेला नाही. पण उत्तर अमेरिकेत वेन ग्रेट्झ्की हे नाव देवासारखे घेतले जाते. त्याचा ९९ क्रमांक तिथल्या साऱ्या व्यावसायिक लीगने कायमचा निवृत्त केला. हाच ग्रेट्झ्की २००५ ते २००९ असे चार मोसम फिनिक्स कायोटीज संघाचा प्रशिक्षक होता आणि त्या चारही मोसमांत संघ बाद फेरीपर्यंत पोचला नाही. उलट स्कॉटी बोमन हा कनिष्ठ गटात खेळत असतानाच १९५२ मध्ये डोक्याला इजा होऊन मागे पडला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने नऊ वेळा त्याच लीगच्या अजिंक्यपदाचा स्टॅन्ली चषक जिंकला.

यावरून ‘ज्याला खेळता येत नाही तो शिकवतो’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तोही चुकीचाच आहे. त्यासाठी पुणतांब्याच्या शेजारचेच उदाहरण पाहू.

पुणतांब्याहून दौंडच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात श्रीरामपूर येते. झहीर खान या गावचा. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका, शाळा इथलीच आणि पुढे अभियांत्रिकीची वाट ठरलेली. ऊस, साखर कारखाने आणि त्यांच्या आधाराने उभी राहिलेली महाविद्यालये असलेल्या या पट्ट्यात हुशार मुलाने इंजिनिअर व्हायचे, यात नवल काहीच नव्हते. ती वाट बदलली मुंबईत, नॅशनल क्रिकेट क्लबच्या सुधीर नाईक यांच्यामुळे. मुलाला इथेच ठेवा, याला क्रिकेट खेळू द्या, असे सांगणारा माणूस त्या कुटुंबाला भेटला.

नाईक कोण होते? १९७०-७१ च्या मोसमात वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेले असताना उरलेल्या मुंबई संघाचे कर्णधारपद नाईकांकडे आले आणि त्या संघाने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवून रणजी करंडक राखला. पुढच्या मोसमात बडे खेळाडू परतले, तेव्हा करंडक जिंकणाऱ्या या कर्णधाराला अकरा जणांतही जागा उरली नाही. १९७४ मध्ये एजबॅस्टनला कसोटी पदार्पणात त्यांनी दुसऱ्या डावात ७७ धावा केल्या. भारताच्या पहिल्या एकदिवसीय सामन्यातला पहिला चौकारही त्यांच्याच नावावर सांगितला जातो. कसोट्या मात्र तीनच. नंतरची कित्येक वर्षे मैदानावरची मुले आणि वानखेडेची खेळपट्टी यांत गेली.

सलामीला येणाऱ्या फलंदाजाने डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाला काय शिकवले असेल? चेंडू कसा धरायचा हे कदाचित फारसे नाही. पण नव्या चेंडूसमोर आयुष्य काढलेल्या माणसाला कोणत्या गोलंदाजाची भीती बाळगावी, हे नेमके कळते. नाईकांच्या कारकिर्दीने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या: ती नजर, आणि गुणी माणूस जागेअभावी बाहेर कसा राहतो याचा अनुभव. म्हणून त्यांचे खरे शिकवणे मला निवडण्यात आणि सोडण्यात दिसते. श्रीरामपूरचा मुलगा पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांच्या हाताखाली गेला आणि रणजीत पहिल्यांदा खेळला तो बडोद्याकडून. आपल्याला जे देता येत नाही ते जिथे मिळेल तिथे शिष्याला जाऊ देणे, ही प्रशिक्षकाची पहिली कसोटी असते.

आता झहीरकडे पाहू. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत तो भारताकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा त्याच्याजवळ वेग होता, यॉर्कर होता, आणि फारसा विचार न करता ते टाकण्याचे वय होते. त्याच्यातला शिक्षक मला तिथे दिसत नाही. तो दिसतो २००६ मध्ये, भारतीय संघाबाहेर असताना वूस्टरशरकडून कौंटी खेळायला गेलेल्या झहीरमध्ये. रोज गोलंदाजी, थंड हवा, रिकामी मैदाने. त्या मोसमात त्याने कौंटी स्पर्धेत ७८ बळी घेतले. धाव आखूड केली, शरीरावरचा भार कमी केला, वेगाच्या जागी चेंडूची शिवण आणि मनगट यांवर भिस्त ठेवली. पूर्वी अंगभूत होते ते त्याने मोडले आणि समजून-उमजून पुन्हा जुळवले. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजला एका कसोटीत नऊ बळी, २०११ च्या विश्वचषकात एकवीस बळी. त्या विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला, खेळपट्टी नाईकांनी तयार केलेली, आणि तिच्यावर झहीरचा पहिला हप्ता पाच षटके, तीन निर्धाव, सहा धावा आणि एक बळी असा होता.

याच काळात मिड-ऑफला उभे राहून तो इशांत शर्मा, श्रीशांत, आर. पी. सिंग यांना चेंडूगणिक सूचना देताना दिसू लागला. प्रशिक्षकाची नेमणूक झाली नव्हती, काम सुरू झाले होते. माझा मुद्दा हाच आहे. जे सहज येते ते माणसाला शिकवता येत नाही, कारण ते कसे आले याचा त्यालाच पत्ता नसतो. जे एकदा हातून गेले आणि पुन्हा पायरी-पायरीने मिळवावे लागले, तेवढेच दुसऱ्याला देता येते. खेळाडूच्या कारकिर्दीत प्रशिक्षक घडतो तो पडत्या काळात, आणि ग्रेट्झ्कीसारख्यांच्या कारकिर्दीत असा काळ फारसा नसतो.

तालमीत म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. या म्हणीचे आपल्याला कौतुक वाटते, पण शिकवण्याच्या दृष्टीने ती घातक आहे. जुना चेंडू फेकण्याच्या क्षणापर्यंत दुसऱ्या हाताने झाकून ठेवायची झहीरची हातोटी इंग्लंडच्या जेम्स अँडरसनने पाहून उचलली आणि तसे जाहीरपणे सांगितलेही. विद्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेली म्हणून झहीरचे ३११ कसोटी बळी कमी झाले नाहीत.

तरीही नेमणुका करताना आपण बळीच मोजतो. जुलै २०१७ मध्ये परदेश दौऱ्यांसाठी गोलंदाजी सल्लागार म्हणून झहीरचे नाव जाहीर झाले. आठवडाभरात चित्र पालटले आणि गोलंदाजीची सूत्रे भरत अरुण यांच्याकडे आली. ९२ कसोट्यांच्या माणसाऐवजी दोन कसोट्यांचा माणूस, म्हणून कुजबुज झाली. पण अरुण यांच्या काळात बुमरा, शमी, इशांत, सिराज यांनी ऑस्ट्रेलियात दोनदा मालिका जिंकून दिली. झहीर तिथे असता तर काय झाले असते, हा वाद निष्फळ आहे. घेण्याचा धडा एवढाच, की ९२ आणि दोन या आकड्यांत त्या प्रश्नाचे उत्तर नव्हतेच. झहीरच्या पुढच्या वाटचालीतही तेच दिसते. तो मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनात असताना त्या संघाने २०१९ आणि २०२० मध्ये आयपीएल जिंकले, तर २०२५ मध्ये लखनौचा मार्गदर्शक असताना संघ सातव्या स्थानावर राहिला. माणूस तोच होता. फ्रँचायझीच्या दोन महिन्यांत शिकवायला सवड किती मिळते, हा प्रश्न मात्र विचारायला हवा.

कोणी म्हणेल, वरच्या पातळीवर खेळलेल्या माणसाचा शब्द मुले ऐकतात, त्याला वजन असते. खरे आहे. पण ते वजन पहिल्या आठवड्यापुरते पुरते. त्यानंतर मुलगा एकच गोष्ट पाहतो: याने सांगितलेले केल्यावर माझा खेळ सुधारतो की नाही. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, हे शिवाजी पार्कवर त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला अडचणीचे वाटले नाही.

यातला खरा तोटा पुणतांब्यासारख्या गावांचा होतो. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला, द्रोणाचार्य पुरस्कारासाठी १९८५ उजाडावे लागले. खेळणाऱ्याला मान देऊन घडवणाऱ्याला चोवीस वर्षे थांबवणारी ही दृष्टी खालपर्यंत झिरपलेली आहे. जिल्हा पातळीपर्यंत खेळून थांबलेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. दुखापत, नोकरी, शेती यांपायी ज्यांचा खेळ अर्ध्यावर राहिला, पण का राहिला हे ज्यांना नेमके माहीत आहे, अशी. शाळेच्या मैदानावर त्यांची खरी गरज आहे. आपण मात्र वर्षातून एकदा मोठ्या खेळाडूला बोलावून सत्कार करतो, मुलांसोबत फोटो काढतो आणि मैदान पुन्हा मोकळे सोडतो.

तेव्हा शाळांनी आणि संस्थांनी प्रशिक्षक नेमताना अर्जातला ‘कुठपर्यंत खेळलात’ हा रकाना खाली न्यावा. वर दोन प्रश्न असावेत. खेळताना तुमचे काय बिघडले आणि ते तुम्ही कसे दुरुस्त केले? तुमच्याकडे येऊन कोण सुधारले, आणि त्यांतले कोण तुम्ही पुढच्या गुरूकडे पाठवले? ज्याला या दोन्हींची उत्तरे देता येतील त्याला महिन्याचा नियमित पगार द्यावा, आणि दहा वर्षे त्याच मैदानावर राहू द्यावे. श्रीरामपूरच्या मुलाला अशा माणसासाठी मुंबई गाठावी लागली. पुढच्या मुलाला ती गाठावी लागू नये, एवढे तरी या पट्ट्यातल्या संस्थांच्या ऐपतीत नक्की आहे.