पाठीने ऐकायचं

हे सावकाश वाचा. आत्ता घाईत असाल तर बाजूला ठेवा आणि दिवेलागणीनंतर पुन्हा हातात घ्या.

डिसेंबरातली सकाळ आहे, साडेसहाची. यावल तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या मैदानाच्या कडेला निंबाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याला पाठ टेकून बसा. माती दवाने दबलेली आहे. उत्तरेला सातपुड्याची रेघ अजून काळीच दिसते. तिच्या अलीकडे केळीच्या बागा, आणि बागांवरून धुराचे पट्टे सरकताहेत. थंडी फार उतरली की केळीला चरका बसतो. पानं पिवळी पडतात, घडाची वाढ खुंटते. म्हणून माणसं रात्री बागेला पाणी देतात आणि पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवून आत धूर धरतात. तो धूर आता तुमच्यापर्यंत येतोय. येऊ द्या.

एक श्वास घ्या. सोडा. तोंडातून वाफ निघते का बघा.

समोर सर फक्की मारताहेत. मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत मधली पाटी, 30 सेंटीमीटर रुंदीची. तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. जिथे त्या छेदतात तिथे आठ चौकोन तयार होतात, जेमतेम दीड वितीचे. आजचं आपलं सगळं लक्ष या आठ चौकोनांवर ठेवायचं आहे.

पोरी येतात. चपला निंबाखाली, स्वेटर चपलांवर. 17 वर्षांखालच्या मुलींचा हा खो-खो संघ आहे आणि माझी पुतणी त्यात आहे. 2024-25चा सबंध हिवाळा मी या पोरींच्या मागे मागे फिरलो. सुरुवातीला मी तेच बघायचो जे सगळे बघतात: पळणारी, हूल देणारी, खांबावर झेप घेणारी. बसलेल्या मला दिसतच नव्हत्या. त्या जणू मैदानाचाच भाग होत्या, खांबांसारख्या.

आता त्यांच्याकडेच बघा. आठ जणी आठ चौकोनांत. एकीचं तोंड सातपुड्याकडे, तिच्या शेजारणीचं तापीकडे, पुढचीचं पुन्हा सातपुड्याकडे. टाचा उचललेल्या, चवडे मातीत रुतवलेले, बोटं जमिनीला टेकलेली. नववी उभी आहे, ती पाठलाग करणार. प्रत्येकीला अर्धंच मैदान दिसतं. उरलेलं अर्धं तिच्या पाठीमागे आहे आणि खो तिथूनच येणार आहे. समोरून खो देता येत नाही. मागून हात लागला पाहिजे आणि "खो" हा शब्द स्पष्ट ऐकू आला पाहिजे. त्याआधी उठलं तर फाऊल.

एक साधा हिशेब मला बऱ्याच उशिरा सुचला. डाव नऊ मिनिटांचा. आक्रमणाला नऊ जणी. एका वेळी पायांवर एकच. म्हणजे सरासरी काढली तर प्रत्येकीच्या वाट्याला पळायला एक मिनिट येतं आणि बसायला आठ मिनिटं. ते एक मिनिटही सलग मिळत नाही; पाच-सात सेकंदांच्या तुकड्यांत मिळतं. मुलगी चार पावलं धावते, खो देते आणि जिला दिला तिच्याच चौकोनात बसते. मग पुन्हा वाट बघते.

या आठ मिनिटांपाशी थोडं थांबू.

आपण बसतो तेव्हा बहुतेक वेळा बसण्यात नसतो. एस. टी. च्या फलाटावर, दवाखान्याच्या बाकावर, तहसील कचेरीच्या व्हरांड्यात आपण फक्त वेळ काढत असतो. आपला नंबर लागला की जगणं सुरू होईल, तोवर ते थांबलेलं आहे, असं आपण धरून चालतो. या पोरींचं बसणं तसं नाही. मधल्या पोरीचा चेहरा बघा. डोळे समोरच्या पळणारीवर आहेत, पण कान मागे आहेत. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज ती मोजते आहे. मातीवर अनवाणी पाय जोरात पडला की वेगळा वाजतो, वळताना वेगळा. तिच्या पाठीच्या कातडीलाच जणू ऐकू येतं. मी एकदा पुतणीला विचारलं, बसल्या बसल्या काय करतेस गं? ती म्हणाली, "काका, पाठीने ऐकायचं असतं."

तुमची पाठ आत्ता कुठे आहे, जाणवतं का? झाडाच्या सालीचा खडबडीतपणा जिथे टोचतो तिथे लक्ष न्या. तिथेच राहू द्या थोडा वेळ.

दूर उत्तरेत, लेहला, याच महिन्यांत तळी गोठतात आणि पोरं त्या बर्फावर आइस हॉकी खेळतात. मी तो खेळ फोनवर पाहिलाय. तिथेही पळणं थोडंच. बर्फावर एका संघाचे सहा जण, आणि बाकीचे कडेच्या बाकावर. दम इतका लागतो की मिनिटभरातच खेळाडू बदलतात. एक टोळी आत उडी घेते, दुसरी धापा टाकत बाहेर येते. ते बघताना मला आमच्या पोरी आठवल्या. फरक एवढाच की तिथला बाक कडेला आहे आणि इथला बाक मैदानाच्या मधोमध, खेळाच्या पोटात. पळणारी याच बसलेल्यांमधून नागमोडी वळणं घेते. त्या नसतील तर तिला वळायला काही उरत नाही आणि पाठलागालाही वाट उरत नाही.

आपल्या भाषेने या शब्दाला एक वाईट वळण दिलंय. कुणाच्या चांगल्या कामात "खो घातला" असं आपण म्हणतो. मैदानावर खो घालत नाहीत, देतात. बघा, आता देईल. धावणारी मागून आली, पंजा पाठीवर पडला, "खो!" आणि बसलेली सुटली, तिचं तोंड होतं त्याच बाजूला. देणारी लगेच तिच्या चौकोनात बसली. ती जागा क्षणभरही गार झाली नाही. मला या सगळ्या खेळात हे सर्वांत सुंदर वाटतं. जिला पुढे पाठवायचं तिची जागा आपण घ्यायची, तिच्या अंगाची ऊब अजून मातीत असताना.

हंगामाचं थोडक्यात सांगतो. तालुक्याची स्पर्धा पावसाळा सरता सरता झाली, जिल्ह्याची त्यानंतर. दिवाळीच्या सुट्टीत सराव बंद पडला, कारण कापूस फुटला होता आणि निम्म्या पोरी वेचणीला जात होत्या. परतल्या तेव्हा बोंडांच्या टोकांनी त्यांच्या बोटांची पेरं ओरखडलेली होती. त्याच बोटांनी त्या पुन्हा जमिनीला टेकून बसल्या. सरांच्या कपाटावर एक पिवळं पडलेलं कात्रण चिकटवलेलं आहे: धाराशिवच्या सारिका काळेंना 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाल्याचं. नवी पोर संघात आली की सर तिला ते वाचायला लावतात, मोठ्याने.

मग पुढची फेरी, धुळे.

पहाटे निघालो. तापी ओलांडून जळगाव, बांभोरीला गिरणेचा पूल, एरंडोल, पारोळा. काचा बंद असूनही गाडीत वारं शिरत होतं. पोरी एकमेकींच्या अंगावर कलंडून झोपल्या होत्या, एका शालीत तिघी. फागणे मागे पडलं तेव्हा उजाडत होतं आणि शेताशेतातून हरभऱ्यावर धुकं बसलं होतं. धुळ्याची थंडी आमच्यापेक्षा बोचरी. पारा पाच-सहा अंशांवर येतो तिथे. मैदानावर पाय ठेवल्यावर पोरींनी आधी तळवे एकमेकांवर घासले.

समोर पलीकडच्या जिल्ह्याचा संघ. शेवटचा डाव, आक्रमण आमचं, एक गुण कमी. माझी पुतणी पाचव्या चौकोनात. पळणारी तिच्या अगदी समोर आली, हातभर अंतरावर. मागून पावलं येत होती. मलाही ऐकू आली. आणि ती उठली. खो पडायच्या आत, पापणी लवण्याएवढं आधी. तिने समोरचीला शिवलंसुद्धा. पण शिट्टी झाली. फाऊल. बाद झालेली पोर पुन्हा पळू लागली आणि वेळ संपली.

ती रडली नाही. परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत गप्प होती. सरही तिला काही बोलले नाहीत. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाऊल ऐकू आलं ना, काका, तर मला वाटलं आलाच खो." मी बराच वेळ उत्तर शोधत राहिलो आणि मला ते सापडलं नाही. पाऊल ऐकू येणं आणि खो येणं यांच्यामध्ये जी फट आहे, तिच्यात मीही कितीदा उठलोय. लेकाच्या लग्नाच्या घाईत, जमिनीच्या सौद्यात, मरणाच्या दारात असलेल्या आईशेजारी बसलेला असताना. पावलांचा आवाज खरा होता दर वेळी.

तुमच्याही एखाद्या वेळेची आठवण येत असेल. ती येऊ द्या, तिला दामटू नका. तिच्याशेजारी नुसतं बसा.

जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. 19 तारखेला अंतिम सामना होता. सरांच्या फोनभोवती बारा डोकी. कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने नेपाळला 78-40 असं हरवलं. तिथे खेळ मॅटवर होता, एका बाजूला सातच जणी, म्हणजे बसणाऱ्या सहा. पोरी आरडाओरडा करत होत्या. पुतणी मात्र गप्प बघत होती, आणि मी तिची नजर कुठे आहे ते बघत होतो. ती बसलेल्यांकडे होती.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी मैदानावर होती. गव्हाला रात्रपाळीचं पाणी देऊन आलेला तिचा बाप, माझा भाऊ, चिखलाच्या पायांनीच तिला सोडून गेला होता. फक्की अजून पडायची होती. तिने कालच्या पुसट खुणेवरून पाचवा चौकोन शोधला आणि बसली. सरांनी तिच्या मागे एका लहान पोरीला पळायला लावलं. कधी खो द्यायचा, कधी द्यायचा नाही, ते त्या पोरीच्या मर्जीवर. पावलं आली, गेली. पुन्हा आली, अगदी जवळून वळून गेली. ती हलली नाही. तिच्या मानेवरचे केस वाऱ्याने हलत होते.

आता तुम्हीही तसेच बसा. चवडे जमिनीवर, बोटं मातीला टेकलेली, टाचा किंचित वर. समोर अर्धं मैदान आहे, धुराने भरलेलं, आणि सातपुड्यावर पहिलं ऊन उतरतंय. उरलेलं अर्धं तुमच्या मागे आहे. मान वळवू नका.

पावलं येताहेत. आवाज मोठा होतोय.

अजून खो आलेला नाही.