आडनाव काय म्हणालात?

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात माझ्या एका समीक्षक मित्राने लेख लिहिला. सार असं, की वाक्याला स्वतःचा अर्थ नसतो, अर्थ ऐकणाऱ्याच्या दृष्टिकोनात असतो, तेव्हा कुणी कशाचा काय अर्थ घ्यावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. लेख वाचनीय होता, म्हणूनच जास्त घातक. त्यातलं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. भाड्याने जागा दाखवणारा एजंट फोनवर विचारतो, ‘आडनाव काय म्हणालात?’ मित्राचं म्हणणं, यात कुणाला जातीची चौकशी ऐकू आली तर ती त्याच्या कानातली, प्रश्नातली नव्हे.

मित्राचं आडनाव असं आहे, की ते सांगितल्यावर पुढचा प्रश्न थेट डिपॉझिटचा येतो. हा टोमणा नाही. युक्तिवादात त्याचं काम आहे, ते पुढे येईलच.

ऐकणाऱ्यागणिक अर्थ बदलतो, हे कळण्यासाठी पॅरिसच्या पंडितांकडे जायची गरज नव्हती. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या पाचव्या उल्लासात, म्हणजे प्रकरणात, ते एका साध्या वाक्यावर दाखवून ठेवलंय. वाक्य एवढंच, की सूर्य मावळला. युद्धाच्या तयारीत असलेल्याने ऐकलं, तर शत्रूवर तुटून पडायची वेळ झाली. प्रियकराकडे निघालेलीने ऐकलं, तर आता निघ. मजुराला काम थांबवायची, ब्राह्मणाला संध्येची, गुराख्याला गाई घराकडे वळवायची, दुकानदाराला माल आवरायची सूचना. कुणाला नुसतंच उन्हाचा ताप सरल्याचं सुख, आणि वाट पाहणाऱ्या एखादीला ‘तो अजून आला नाही’ ही टोचणी. शब्द तेच, सूर्यही तोच.

माझ्या मित्राला हा पुरावा आपल्या बाजूचा वाटेल. तो तसा नाही. गुराख्याला त्या वाक्यातून सैन्य हलवायचा हुकूम ऐकू येत नाही. कोण बोलतं, कुणाशी, कुठे, कुठल्या प्रसंगी, याची मम्मट काटेकोर मोजदाद करतो. अर्थ अनेक आहेत, पण मोकाट एकही नाही. इथवर मी मम्मटाच्या पालखीचा भोई.

पण ती यादी पुन्हा वाचली, की एक गोष्ट खटकू लागते. प्रत्येक जण ते वाक्य आपापल्या उद्योगाला जोडतो आणि चालू लागतो. त्यांच्यातल्या कुणालाही कुणी प्रश्न विचारलेला नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही, उत्तराची किंमत मोजायची नाही. हार्वर्डमध्ये १९६७ साली व्याख्यानं देणाऱ्या तत्त्वज्ञ पॉल ग्राइसचंही तेच. बोलणारा सहकार्य करतोय असं धरून ऐकणारा उरलेला अर्थ तर्काने काढतो, असं तो सांगतो. सहकार्य! ग्राइसने पुण्यात भाड्याने जागा शोधली नसावी.

म्हणून मी मसूर स्टेशनकडे वळतो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत डॉ. आंबेडकरांनी १९०१ सालचा प्रसंग सांगितलाय. वडील साताऱ्याकडच्या दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुट्टीत मुलं त्यांना भेटायला निघाली, संध्याकाळी मसूरला उतरली, आणि न्यायला कुणीच आलेलं नव्हतं. मुलांचे कपडे चांगले होते. स्टेशनमास्तरने त्यांना ब्राह्मणाची मुलं समजून मायेने चौकशी केली, आणि कोण म्हणून विचारलं. त्यांच्यातल्या मुलाने, म्हणजे खुद्द आंबेडकरांनी, सरळ सांगून टाकलं, महार. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. पुढे दुप्पट भाड्याच्या बोलीवर बैलगाडी मिळाली. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने शेजारून पायी चालायचं, असा करार.

रात्री टोलनाक्यावर पाणी मागायचं होतं. आता हा मुलगा प्रश्न येण्याआधीच तयार आहे. गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे तो मुसलमान असल्याचं सांगतो, तेही उर्दूतून.

मुलगा तोच, दिवस तोच, ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्नही तोच. संध्याकाळी तो परिचयाचा होता, रात्री पाण्याचा झाला. मधल्या काही तासांत त्या मुलाच्या आवडीनिवडी बदलल्या होत्या की काय? त्याला एक माहिती मिळाली होती, आणि ती त्याने किंमत मोजून घेतली होती.

इथे मला मम्मटाला सोडून त्याच्या प्रतिपक्षाकडे जावं लागतं. महिमभट्टही काश्मीरचाच. सूचित अर्थ व्यंजना नावाच्या शब्दशक्तीतून निघतो असं मानणारे ते ध्वनिवादी, मम्मट त्यांतलाच. ‘व्यक्तिविवेक’ लिहून महिमभट्टाने त्यांच्याशी उभा दावा मांडला. म्हणणं असं, की व्यंजना वगैरे काही नाही, सूचित अर्थ म्हणजे सरळ अनुमान. मम्मटाने त्याच पाचव्या उल्लासात त्याला खोडून काढलं, बोलण्यातून निघणारा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, कधी पक्का नसतो म्हणून. परंपरेने मम्मटाला डोक्यावर घेतलं आणि महिमभट्टाला अडगळीत टाकलं. काव्यापुरता तो निवाडा ठीक असेल. भाड्याच्या जागेच्या व्यवहारात मला महिमभट्टच हवा.

कारण अनुमानाला व्याप्ती लागते. जिथे धूर तिथे अग्नी, हे ज्याने वारंवार पाहिलंय त्यालाच धुरावरून अग्नी कळतो. चूल न पाहिलेल्याला धूर हा नुसता धूर. ‘मी फक्त आडनाव ऐकलं’ असं माझा मित्र म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्यापाशी ती व्याप्तीच नाही. आडनाव सांगितल्यावर ‘जागा कालच गेली’ हे उत्तर त्याला आयुष्यात मिळालेलं नाही. ज्याला दृष्टिकोन म्हणून तो मखरात बसवतो, तो निम्मा अनुभवाचा साठा असतो आणि निम्मा त्याचा अभाव. साठा सांगता येतो, तपासता येतो, दुसऱ्याला देता येतो. ‘ज्याचं त्याचं’ म्हटलं की ही सगळी कटकट वाचते.

अनुमान चुकूही शकतं. टोलनाक्यावरचा मुलाचा डाव फसलाच. तुमच्यासाठी पाणी कुणी भरून ठेवलंय, असं तिथल्या माणसाने सुनावलं आणि टेकडीचा रस्ता दाखवला. न्यायशास्त्रात हेत्वाभासाचे, म्हणजे फसव्या हेतूंचे, प्रकार उगीच मोजलेले नाहीत. भावना दुखावल्या म्हणून रस्त्यावर उतरणाऱ्या जमावालाही मग विचारता येतं, बाबांनो, हेतू काय? मित्राच्या मताप्रमाणे मात्र जमावालाही काही विचारता येत नाही. त्यांचा दृष्टिकोन त्यांच्यापाशी!

आता एजंटाकडे. करारनाम्याला पूर्ण नाव लागतं, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करायलाही लागतं. पण ते टोकन दिल्यावर, आधार आणि पॅनच्या झेरॉक्सबरोबर. पहिल्याच फोनवर, खोल्या किती आणि पाणी किती वेळ येतं हे सांगण्याआधी आडनाव कशाला हवं? प्रश्नाची ही जागाच हेतू आहे. त्यात ‘व्हेज की नॉनव्हेज?’ ही जोड आली, की तो आणखी बळकट होतो. आणि तीच जागा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आडनावाला दाखवली गेली, तर प्रश्न कानात होता की तोंडात, यावर परिसंवाद भरवायची गरज उरत नाही.

मित्राने यावर जरूर लिहावं. ‘माझ्या विधानाचा विपर्यास झाला’ एवढं म्हणून भागणार नाही. झाला असेल तर हेतू दाखवावा. आणि त्याच्या मताप्रमाणे माझा दृष्टिकोन माझ्यापाशी असेल, तर त्याने तक्रार तरी कसली करायची?